'कंपनी तुमचीच आहे' म्हणायचे, तर हिशेबही दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खंडेनवमीला संभाजीनगरजवळच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कारखान्यांत यंत्रांना हळदकुंकू लागते, झेंडूच्या माळा चढतात, पेढे वाटले जातात आणि मालक चार शब्द बोलतात. त्यातले एक वाक्य ठरलेले असते : "ही कंपनी तुमचीच आहे, मालकासारखा विचार करा." बोलणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण दसऱ्यानंतर कामावर आलेल्या ऑपरेटरला विचारून पाहा, तुझ्या हातातला नग कंपनीला कितीला पडतो? बहुतेकांना सांगता येणार नाही, कारण त्यांना ते कधी कोणी सांगितलेलेच नसते.

आता दिवाळी तोंडावर आहे आणि कोणत्या कंपनीने किती बोनस दिला याच्या बातम्या येऊ लागतील. त्या निमित्ताने हे पत्र. मराठवाड्यातल्या लहान-मध्यम उद्योगांच्या खर्चाच्या हिशेबाचे आणि उत्पादन सुधारण्याचे काम आम्ही करतो. मालकासारखा विचार करणे हा वृत्तीचा प्रश्न आहे, असे मालक मंडळी धरून चालतात. आमच्या मते तो आधी माहितीचा प्रश्न आहे. ज्याला नफा-तोट्याचा आकडाच दिसत नाही, तो मालकासारखा विचार करणार कशाच्या आधारावर?

एक उदाहरण पूर्ण मांडतो. आकडे नमुन्याचे आहेत, पण दुसऱ्याच्या मालावर मजुरीने काम (जॉबवर्क) करणाऱ्या कोणत्याही वर्कशॉपमध्ये थोड्याफार फरकाने हेच चित्र निघेल. मोठ्या कंपनीकडून 1.2 किलोचे फोर्जिंग (ठोकून आकार दिलेला कच्चा नग) येते. माल त्यांचा, आपण फक्त टर्निंग करून, म्हणजे लेथवर कातून द्यायचे, दर नगाला 18 रुपये. पगार, वीज, इन्सर्ट (कातण्याचे पाते), कूलंट, भाडे, व्याज वजा जाता 8 टक्के उरतात असे धरू, म्हणजे नगामागे 1 रुपया 44 पैसे. (हे 8 टक्के रिजेक्शन, म्हणजे वाया गेलेले नग, धरण्यापूर्वीचे.) आता एका नगाचा बाहेरचा व्यास मापाच्या खाली गेला. ऑपरेटरच्या हिशेबी नुकसान 18 रुपयांचे. प्रत्यक्षात कंपनी फोर्जिंगची पूर्ण किंमत, समजा 132 रुपये, डेबिट नोट पाठवून कापते. त्यावर आपण केलेला 16 रुपये 56 पैशांचा खर्च पाण्यात जातो. भंगारात 1.1 किलोचे, 30 रुपये किलोने, 33 रुपये येतात. निव्वळ नुकसान 115 रुपये 56 पैसे. त्याला 1.44 ने भागले की 80 येतात. एक नग वाया गेला तर तो भरून काढायला 80 चांगले नग काढावे लागतात. नगाला दीड मिनिट लागत असेल तर दोन तास मशीन अखंड चालवावे लागते. शंभरात सव्वा नग गेला की महिन्याचा सगळा नफा संपला.

भिंतीवरच्या तक्त्यात हीच गोष्ट 'रिजेक्शन 1.2 टक्के' अशी लिहिलेली असते. वाचणाऱ्याला वाटते, शंभरात एखादा जातोच, त्यात काय एवढे! त्याऐवजी 'एक नग = दोन तास' असे लिहा. हा आकडा कळलेला ऑपरेटर मशीन वेगळ्या पद्धतीने चालवतो. बाहेरचा व्यास वरच्या मापाला राहिला तर आणखी एक कट घेऊन नग वाचवता येतो, खाली गेला की खेळ संपला; बोअरचे (आतल्या भोकाचे) बरोबर उलटे. हे त्याला ठाऊक असतेच, पण त्याची किंमत ठाऊक नसते. ती कळली की इन्सर्ट बदलल्यावर पहिला नग तो मुद्दाम सुरक्षित बाजूला ठेवून काढतो, मोजतो आणि मगच ऑफसेट (मशीनमधली मापाची दुरुस्ती) देतो.

"आमच्या पोरांना एवढा हिशेब झेपायचा नाही," असे काही मालक म्हणतात. हे आम्हाला अजिबात पटत नाही. पैठण, गंगापूर, वैजापूर, फुलंब्रीहून येणाऱ्या कामगारांपैकी कितीतरी जणांच्या घरी दोन-चार एकर रान आहे. बियाण्याची बॅग कितीची, खताच्या गोण्या किती, फवारण्या किती झाल्या, वेचणीला किलोमागे काय द्यावे लागले, बाजारात भाव काय लागला आणि शेवटी हातात काय उरले, हा हिशेब ते दरवर्षी मांडतात. पाऊस लांबला तर दुबार पेरणीला एकरी किती जातात, हे त्यांना कागद न घेता सांगता येते. त्यांना हिशेब शिकवायचा नाही, फक्त कारखान्याचा हिशेब त्याच रीतीने मांडून दाखवायचा. एक मशीन म्हणजे एक एकर धरा : महिन्याला त्यात किती घातले, त्यातून किती निघाले, वाया किती गेले. ताळेबंदाचे छापील कागद समोर टाकले तर मात्र कोणालाच काही कळणार नाही, इंजिनिअर झालेल्यालाही नाही.

मालकांची दुसरी भीती जास्त खरी आहे : आकडे दाखवले तर पगारवाढ मागतील, किंवा दर फुटून गिऱ्हाईक हातचे जाईल. यात एक गोष्ट विसरली जाते. कामगार आताही हिशेब करतातच, फक्त तो चुकतो. एका पाळीत तीनशे नग गेले, बाजारात तो पार्ट चारशेला मिळतो, म्हणजे मालक दिवसाला लाखाच्या वर कमावतो, असा तो हिशेब असतो. विक्री आणि नफा यांतला फरक दाखवायला कोणत्याही गिऱ्हाइकाचा दर उघड करावा लागत नाही. विक्रीचे शंभर रुपये धरून वाटणी दाखवा. स्वतःचा माल घेऊन काम करणाऱ्या कारखान्यात ती साधारण अशी दिसेल : कच्चा माल 62, पगार 14, वीज 6, टूल्स आणि इतर साहित्य 5, बँकेचे व्याज 4, भाडे-वाहतूक 4, उरले 5. त्या पाचांतून कर भरायचा आणि मशीनच्या कर्जाची मुद्दल फेडायची. हे पाहिल्यावर पगारवाढीची मागणी थांबेल असे आम्ही म्हणत नाही. ती थांबूही नये. पण बोलणी खऱ्या आकड्यांवर होतील.

फळा एकच ठेवा आणि त्यावर चार-पाचच आकडे लिहा : काल पाठवलेले नग, वाया गेलेले नग आणि त्यांचे रुपये, इन्सर्टचा खर्च, मशीन बंद राहिल्याचे तास, गिऱ्हाइकाकडून परत आलेला माल. आकडे रोज लिहा आणि आठवड्यातून एकदा, पाळी बदलताना, उभ्या-उभ्या पंधरा मिनिटे त्यावर बैठक घ्या. आकडे मालकाने किंवा मॅनेजरने वाचू नयेत. ज्याच्या कामाचा आकडा त्यानेच वाचावा आणि पुढच्या आठवड्याचा अंदाजही त्यानेच सांगावा. पहिले दोन-तीन आठवडे सगळे गप्प राहतील. तिथेच बरेच मालक कंटाळून फळा पुसून टाकतात. चौथ्या-पाचव्या आठवड्यात कोणीतरी विचारतो, "इन्सर्टवर एवढे कसे गेले?" तेव्हा बैठक सुरू झाली असे समजावे.

माहितीपाठोपाठ अधिकार द्यावा लागतो आणि तो कागदावर, रुपयांत लिहून द्यावा लागतो. 'जबाबदारीने वागा' म्हणजे अधिकार नव्हे. टोयोटाच्या कारखान्यात कोणताही कामगार दोरी ओढून लाइन थांबवू शकतो, हे आपल्याकडच्या ट्रेनिंगमध्ये हमखास सांगितले जाते. आपल्या शॉपमध्ये याचे रूप असे असावे : दर दहाव्या नगाचे माप घ्या, माप हद्दीत असले तरी सलग तीन मापे एकाच बाजूला सरकत असतील तर मशीन थांबवा आणि सेटरला (मशीन लावून देणाऱ्याला) बोलवा, सेटर दहा मिनिटांत आला नाही तर मशीन बंदच राहील आणि त्या वेळेचा जाब ऑपरेटरला विचारला जाणार नाही. शेवटचे वाक्य सगळ्यांत महत्त्वाचे. संध्याकाळची गाडी गेटवर उभी आहे, डिस्पॅचचा फोन वाजतोय आणि एका पोराने मशीन थांबवले आहे, अशा वेळी सुपरवायझर सगळ्यांसमोर ओरडला की तो अधिकार त्या दिवशीच संपतो. पुन्हा कोणी मशीन थांबवत नाही. अर्धवट मापाचे नग गाडीत चढतात आणि दहा दिवसांनी परत येतात, येण्या-जाण्याच्या भाड्यासकट.

खरेदीचेही तसेच. सत्तर रुपयांची ओ-रिंग किंवा होज क्लिप आणायला मालकाची सही लागत असेल, तर मशीन सही मिळेपर्यंत उभे राहते. लाइनच्या प्रमुखाला एका वेळी 500 आणि महिन्याला 3,000 रुपयांपर्यंत न विचारता खर्च करू द्या; बिल आणि कारण वहीत लिहायचे, महिन्याच्या शेवटी फळ्यावर वाचायचे. सगळ्यांसमोर वाचले जाणार असल्यामुळे गैरवापराला फारशी जागा उरत नाही.

आता वाट्याचा मुद्दा. हिशेब दाखवला, अधिकार दिला आणि वाचलेले पैसे एकट्या मालकाच्या खिशात गेले, तर वर्षभरात सगळे पूर्वपदावर येते, आणि ते योग्यच म्हणावे लागेल. बचतीतून वाटा देण्याची पद्धत जुनी आहे. अमेरिकेत जोसेफ स्कॅनलन या पोलाद कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याने 1930 च्या दशकात ती मांडली. लहान शॉपला झेपेल असा तिचा एक आराखडा देतो.

मागच्या बारा महिन्यांचे असे खर्च काढा जे कामगारांच्या हातात आहेत : रिजेक्शनच्या डेबिट नोटा, इन्सर्ट, वीज, कूलंट आणि किरकोळ साहित्य, ओव्हरटाइम. समजा ते जॉबवर्कच्या विक्रीच्या 18 टक्के निघाले. हा पाया. या महिन्यात विक्री 22 लाख झाली, म्हणजे पायाप्रमाणे खर्च 3 लाख 96 हजार व्हायला हवा होता. झाला 3 लाख 52 हजार. बचत 44 हजार. निम्मी कंपनीची, निम्मी कामगारांची : 22 हजार. त्यातले एक चतुर्थांश, म्हणजे 5,500, राखीव ठेवा, कारण एखाद्या महिन्यात खर्च पायाच्या वर जाईल आणि तो खड्डा यातून भरावा लागेल. उरलेले 16,500 बावीस जणांत वाटले की प्रत्येकी 750 रुपये. दिवाळीला राखीव रक्कम उघडायची. शिल्लक असेल तर वाटायची, खड्डा असेल तर तो कंपनीने सोसायचा आणि नवे वर्ष शून्यापासून सुरू करायचे. पगारातून वसुली कधीही नाही. वाटा पगाराच्या प्रमाणात द्यावा की सारखा, यावर मतभेद आहेत. आमचे मत सारख्या वाट्याचे, फक्त हजेरीच्या दिवसांप्रमाणे. नग मोजून ट्रेमध्ये लावणारा हेल्पर बेफिकीर राहिला तर डाग पडलेला माल तसाच जातो, मग सेटर कितीही हुशार असो.

ही पद्धत कुठे बिघडते ते आधीच माहीत असलेले बरे. पहिले म्हणजे खराब नग लपवले जातात. त्यासाठी आलेली फोर्जिंग, गेलेले नग आणि खराब नगांच्या लाल पेटीतले नग यांचा मेळ दर आठवड्याला घाला. खराब नग दाखवणाऱ्याला बोलणी बसणार नाहीत हेही पाळा, नाहीतर नग लाल पेटीऐवजी कंपाउंडच्या बाहेर सापडतात. दुसरे, खर्च वाचवायच्या नादात मशीनचे तेल बदलले जात नाही, फिल्टर साफ होत नाही. म्हणून देखभालीचा खर्च या सूत्रात धरूच नका. तिसरा बिघाड मालकाकडून होतो. वाटा 750 वरून 1,500 वर गेला की त्याला वाटते पाया ढिला धरला होता, आणि तो 18 चा 15 टक्के करतो. असे एकदा झाले की पुढची पाच वर्षे कोणी सूचना देत नाही. पाया बारा महिने हलवायचा नाही. मालकाने नवे मशीन घेतले, वीजदर बदलले किंवा गिऱ्हाइकाने दर बदलला, तरच तो बदलेल, हे सुरुवातीलाच लिहून सह्या करा. चौथे, ठेकेदाराकडच्या कामगारांना वगळले जाते. आपल्या औद्योगिक वसाहतींत मशीनवर उभे असलेल्यांत त्यांची संख्या मोठी आहे. शेजारी उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाला वाटा आणि एकाला नाही, अशाने योजना पहिल्याच महिन्यात मोडते. त्यांची रक्कम ठेकेदाराच्या बिलात स्वतंत्र ओळीत दाखवा आणि पगारपत्रकात उतरली की नाही ते तपासा.

आणखी एक, कायद्यातला बोनस याच्याशी मिसळू नका. कायद्यातली किमान 8.33 आणि कमाल 20 टक्क्यांची चौकट हा कामगाराचा हक्क आहे. तो देऊन वर मालकीच्या गोष्टी सांगण्यात काही अर्थ नाही. बचतीचा वाटा त्याच्याबाहेर, वेगळ्या करारात असावा. पीएफ आणि ईएसआयवर त्याचा काय परिणाम होईल, हे योजना सुरू करण्यापूर्वी आपल्या सल्लागाराकडून लेखी घ्या.

हे फक्त लेथ-मिलिंगपुरते नाही. लातूरच्या डाळमिलमध्ये तूर रोल्यावर घासली जाते, तेल-पाणी लावून वाळवली जाते आणि मग भरडली जाते. वाळवण कच्ची राहिली की साल सुटत नाही, माल पुन्हा रोल्यावर घ्यावा लागतो आणि डाळीचा अंश चुनीत (साल-चुऱ्यात) जातो. दिवसाला 100 क्विंटल तूर घेणाऱ्या मिलमध्ये उतारा (तुरीतून निघणाऱ्या डाळीचे प्रमाण) अर्धा टक्का घसरला तर 50 किलो डाळ गेली. डाळ 110 आणि चुनी 25 रुपये किलो धरली तर दिवसाचे 4,250 रुपये, 25 दिवसांचे लाखाच्या वर. वाळवणीवर लक्ष ठेवणाऱ्या हमालाला हा आकडा सांगितला जातो का? ढग आले म्हणून माल लवकर गोळा करायचा की आणखी दोन तास थांबायचे, हा निर्णय अनेकदा तोच घेत असतो.

कृषी सेवा केंद्रातली गोष्ट आणखी सरळ आहे. युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांची, त्यात दुकानदाराला सोळाएक रुपये सुटतात. जूनमध्ये उधार दिलेल्या गोणीचे पैसे नोव्हेंबरात सोयाबीन विकल्यावर आले, तर वर्षाला 12 टक्के दराने पाच महिन्यांचे व्याजच सुमारे 13 रुपये 30 पैसे होते. हमाली धरली की हातात काही राहत नाही. विक्रीच्या पोराला मात्र 'इतक्या गोण्या खपव' एवढेच सांगितलेले असते आणि तो इमानेइतबारे उधारी वाढवत राहतो. त्याचा वाटा खपलेल्या गोण्यांऐवजी वसूल झालेल्या पैशांवर ठेवला, तर कोणाला किती उधार द्यायचे हे तो स्वतःच तोलू लागेल.

शेअर दिले की माणूस आपोआप मालकासारखा वागतो, असाही एक समज आहे. आपल्याकडच्या बहुतेक लहान कारखान्यांची प्रोप्रायटरी किंवा भागीदारी असते. तिथे शेअर हा प्रश्नच येत नाही. प्रायव्हेट लिमिटेड असली तरी बाजारात न विकता येणारा शेअर कामगाराच्या काय कामाचा? मराठवाड्यात तर याचा मोठा दाखला डोळ्यांसमोर आहे. सहकारी साखर कारखान्याचा सभासद शेतकरी कागदोपत्री मालकच असतो. पण उतारा किती, तोडणी-वाहतुकीला किती गेले, कर्जावर व्याज किती, हे वर्षातून एकदा सर्वसाधारण सभेच्या अहवालात येते आणि गोंधळात मंजूर होते. हिशेब रोज दिसत नसेल तर नुसती मालकी काही शिकवत नाही. याउलट अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या स्प्रिंगफील्डमध्ये 1983 साली तेरा व्यवस्थापकांनी इंजिन-दुरुस्तीचा एक डबघाईला आलेला कारखाना विकत घेतला. स्वतःचे 1 लाख डॉलर, कर्ज 89 लाख डॉलर. एक चूकही परवडणारी नव्हती, म्हणून त्यांचे प्रमुख जॅक स्टॅक आणि सहकाऱ्यांनी झाडूवाल्यापासून सगळ्यांना कंपनीचे आकडे वाचायला शिकवले. तो उद्योग टिकला, वाढला आणि तिथले कामगार पुढे शेअरचे धनीही झाले.

एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. मालकासारखे वागा याचा अर्थ पाळी संपल्यावर फुकट थांबा, रविवारी बिनपगारी या, असा काही ठिकाणी लावला जातो. मालकाला जोखमीच्या बदल्यात वरचा सगळा नफा मिळतो. कामगाराला तो मिळत नाही, तर जोखीमही त्याच्यावर टाकता येणार नाही. ओव्हरटाइम दुप्पट दराने, वेळेवर, हिशेबाच्या चिठ्ठीसह द्यायचा. ते पैसे थकीत ठेवून वर आपलेपणा मागणाऱ्या मालकाने फळा लावायच्या भानगडीत पडूच नये.

मसिआ आणि सीएमआयए या आपल्या उद्योजक संघटनांना विनंती की, आपल्या सभासदांसाठी एका पानाचा मराठी नमुना तयार करावा : वर फळ्याचे पाच आकडे, मधे बचतीच्या वाट्याचे सूत्र, खाली पाया कधी बदलेल याच्या अटी आणि सह्यांची जागा. आयटीआयच्या टर्नर, फिटर, मशीनिस्टच्या मुलांना शेवटच्या सहामाहीत आठवड्याला एक तास नगाची किंमत काढायला शिकवावे. व्हर्नियर आणि मायक्रोमीटर त्यांच्या हातात असतोच, सोबत पेन्सिल द्यावी. आणि आपल्या दैनिकाला विनंती अशी की, बोनसच्या बातमीत रकमेबरोबर तो कोणत्या हिशेबाने ठरला आणि तो हिशेब कामगारांना दाखवला होता का, हेही छापावे.

आपले,
लघुउद्योगांच्या खर्च-हिशेबाचे काम करणारे काही वाचक,
छत्रपती संभाजीनगर